चौथ्या तळघरातले आम्ही सहा

४ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटी गेम घेतला. कॉलेजात असताना लॅबमधल्या कॉम्प्युटरवर असलाच एक होता. काळा पडदा, हिरव्या रेघांच्या भिंती, आणि सहा जणांची टोळी घेऊन तळघरात उतरायचं. एक पाऊल पुढे, काटकोनात वळायचं, पुन्हा एक पाऊल. लॅब सहाला बंद व्हायची म्हणून तो पुरा झाला नाही. नाहीतर झालाच असता. आता कुणीतरी मुद्दाम त्याच जुन्या धर्तीवर नवा बनवलाय. सात तळघरं. सातव्यात राक्षस.

पहिल्याच पडद्यावर प्रश्न: नकाशा आपोआप काढून हवा का? डोकंच फिरलं. अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन आहे मी. या शहराच्या पोटातला एकेक पाइप मी कागदावर काढलाय. आणि मला नकाशा काढून देणार? ‘नाही’ दाबलं. जरा जोरातच.

संकल्प. एक, सोबत आलेली माहितीपुस्तिका उघडायची नाही. दोन, इंटरनेटवर बघायचं नाही. तीन, महिनाअखेर सातवं तळघर. चार, चिडायचं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

टोळीतली माणसं बनवायला घेतली. फासे पडतात आणि ताकद, अक्कल, चपळाई असे आकडे येतात. जास्तीत जास्त अठरा. माझ्या सेनापतीला ताकद नऊ. पुन्हा टाकले. सात. पुन्हा. अकरा. दीड तास हेच. जेवायला तीनदा हाक मारली म्हणे. मला ऐकू आली नाही. नीट मारली नसणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसऱ्या संध्याकाळी अठरा पडले!

सेनापती अर्थात मी. पुढच्या रांगेत माझ्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मेहुणा. पुढच्या रांगेला मार जास्त बसतो, त्यामुळे ही निवड विचारपूर्वक केली आहे. मागे बायको, ती पुजारीण, जखमा बऱ्या करणार. आमच्या खात्याचा मुकादम कुलपं उघडायला. आणि जादूगार म्हणून थोरले बंधू. फोनवरून सल्ले देतात तसेच लांबून मंत्र टाकतील.

आकडे कमी पडले म्हणून नापास केलेली एकोणीस माणसं गेममधल्या धर्मशाळेत पडून आहेत. पुसून टाकायचं बटण सापडेना. राहू देत. कुणाला लागणार आहेत!

बायकोला सांगितलं, तुला टीममध्ये घेतलंय. तिने विचारलं, सुट्टी कधी असते?

८ फेब्रुवारी, शनिवार

उतरलो. पहिला दरवाजा. आत तीन उंदीर.

उंदीर! सेनापती पहिल्या चाव्यात खलास. अठरा ताकद! साहेब मागे सरकले (गेममध्येसुद्धा!). मुकादम नसलेलं कुलूप शोधत उभा. बायकोने सगळे मंत्र मेहुण्यावर खर्च केले. एकूण पावलं नऊ. सहाही जण मेले.

यात माझी चूक नाही. चिलखत घातलेला माणूस उंदराने मरतो हे शास्त्राला धरून नाही. वर पडद्यावर ओळ आली की नवख्यांना एकदा माफी, देवळात सगळे फुकट जिवंत. नवखा! मला!

उठताना खुर्ची पडली. बायकोने आतून विचारलं, काय झालं? म्हटलं, अभ्यास चालू आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

सगळ्यांत संतापजनक गोष्ट: गेम सेव्ह फक्त वर धर्मशाळेत होतो. म्हणजे दोन तास मर मर मरून पेटी उघडायची, पेटीत विषारी सुई, मुकादम हिरवा पडणार, आणि परतीची वाट शोधत बसायची. ऑफिसात तरी मधेच चहा असतो.

तरीही सांगतो, मजा आहे. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. भिंत आली की भिंत, दार आलं की छातीत धडधड. बावन्नाव्या वर्षी छातीत धडधडलं की डॉक्टर गाठतात. मी दार उघडतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाई आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सहा आठवडे इथेच. त्यांची खाट कुठे टाकली? बाहेरच्या खोलीत. कॉम्प्युटर कुठे आहे? बाहेरच्या खोलीत. मला कुणी विचारलं का? विचारलं. पण मी तेव्हा दुसऱ्या तळघरात होतो, आणि ‘हो हो’ म्हणालो, असं बायकोचं म्हणणं.

सासूबाई चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्डाच्या सिस्टर होत्या. खाटेवर पडल्या पडल्या खोलीभर नजर फिरवतात आणि काहीच बोलत नाहीत. याचाच जास्त त्रास होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नकाशा काढायला चौकटींचा कागद हवा. ऑफिसातून जुन्या नकाशांचे सहा कागद घरी दुरुस्तीला म्हणून आणले होते. मागची बाजू कोरी, चौकटी छापलेल्या, एक नंबर कागद. आमच्या रेकॉर्डबाईंनी एवढ्याशा कामासाठी रजिस्टरमध्ये सही घेतली. कागदावर विश्वास, माणसावर नाही.

तिसऱ्या तळघराचा नकाशा सुरू. रेघ बघण्यासारखी आली आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नकाशा जुळत नाही. पूर्वेचा बोळ उत्तरेला निघतो. मी जिथून गेलो तिथेच परत येतो आणि तिथे दार नसतं. चार वेळा मोजलं. माझं मोजमाप चुकत नाही. गेमच चुकला आहे. कंपनीला कडक पत्र लिहिलं. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव पहिल्याच ओळीत घातला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीचं उत्तर आलं. तीन ओळी. तिसऱ्या तळघरात काही फरश्या फिरतात; पाय ठेवला की टोळीचं तोंड गुपचूप दुसरीकडे वळतं; माहितीपुस्तिका, पान नऊ. शेवटी हसऱ्या तोंडाचं चित्र.

असल्या लबाडीला खेळ म्हणतात का? जमीन फिरते! इमारतीला काही कायदा आहे की नाही? पान नऊ वाचणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

खेळत असताना खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही आत्ता वळलात. मी म्हटलं, मी वळलेलो नाही. त्या म्हणाल्या, वर कोपऱ्यात ‘उ’ होता, आता ‘प’ झालाय.

तो कोपऱ्यातला ‘उ’ मी आजवर नक्षी समजत होतो. तसं मी दाखवलं नाही. म्हटलं, आई, ते मला माहीत आहे, मी बघत होतो तुमच्या लक्षात येतं का. त्यांनी डोळे मिटून घेतले. बहुधा औषधाची गुंगी.

नकाशा पहिल्यापासून काढला. त्याच कागदावर, लाल शाईने.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज ऑफिसात आग्यावेताळ झालो आणि बरोबर झालो. सकाळी सहाला चौकाखालची मोठी लाइन फुटली. रस्ताभर पाणी. मुकादम गँग घेऊन तयार, फक्त व्हॉल्व्हचा नकाशा पाहिजे. कपाटात नकाशा नाही! त्या चौकाचा नेमका तोच कागद नाही.

मी सगळ्यांसमोर रेकॉर्डबाईंना विचारलं, तुमचं काम काय आहे इथे? दहा कपाटं सांभाळता येत नाहीत? चांगला आवाज चढवला. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, त्यांनीही ऐकलं. बाई काहीतरी बोलणार होत्या. मी बोलू दिलं नाही. शिस्तीच्या प्रश्नावर मऊ पडून चालत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नकाशाशिवाय गँगने अंदाजाने तीन खड्डे खणले. तिन्ही चुकीचे. अर्ध्या शहराला पाणी नाही. आमच्याही नळाला नाही. सासूबाईंना वॉकर धरून जिना उतरता येत नाही आणि बायको एकटी टँकरच्या रांगेत दोन तास. हे सगळं एका बाईच्या निष्काळजीपणामुळे. मी घरात तसं मोठ्याने बोलूनही दाखवलं.

साहेबांनी मलाही विचारलं, तुमच्याकडे एखादा कागद राहिलाय का? म्हटलं, माझ्याकडचे कागद मी सगळे परत केले आहेत. तशी माझी पक्की आठवण आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

रात्री उशिरा का होईना, गँगला व्हॉल्व्ह सापडला म्हणे. पाणी आलं. इकडे मी चौथ्या तळघरात. सगळ्यांची तब्येत अर्धी, मंत्र संपलेले, पण समोर दार. कोणता सेनापती दारासमोरून परत फिरतो? उघडलं.

काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पडद्यावर नुसता धूर आणि एकेक नाव लाल. सगळ्यांत शेवटी बायको. तिच्याकडे एकच मंत्र शिल्लक होता, तो तिने कुणावरही टाकला नाही.

आता माफी नाही. मढी तिथेच पडून राहतात. दुसरी टोळी तिथवर जाऊन ओढून आणेल तरच देवळात जिवंत होतील. तीन आठवडे! तीन आठवड्यांचं आयुष्य! कीबोर्डवर मूठ आपटली. डावा बाण उडून सासूबाईंच्या खाटेखाली गेला. त्यांनी काठीने तो बाहेर सरकवला आणि म्हणाल्या, हाताला लागलं नाही ना?

संकल्प: गेम कायमचा बंद.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गेम बंद, पण निदान नकाशे नीट लावून ठेवावेत म्हणून फाइल उघडली. तिसऱ्या तळघराचा कागद सहज उलटा केला.

मागे चौक. व्हॉल्व्ह, व्यास, खोली, सगळं. माझ्याच हातचं अक्षर.

शांतपणे विचार केला. मुद्दा एक: मागची बाजू वापरली गेली, पुढची सुरक्षित आहे. मुद्दा दोन: रेकॉर्डबाईंनी कागद परत मागायला हवा होता. मुद्दा तीन: मी जे बोललो ते तत्त्व म्हणून बरोबरच होतं, फक्त माणूस चुकला.

सोमवारी कागद गुपचूप दुसऱ्याच खणात ठेवायचा. मग तो कुणालातरी सापडेल. बहुतेक मलाच.

१ मार्च, शनिवार

अर्धा दिवस ऑफिस. दुपारी दीडला घरी आलो तर कॉम्प्युटरसमोर सासूबाई! पाय स्टुलावर, उशी पाठीला, नाकावर चष्मा. सहावं तळघर!

मी म्हटलं, हे काय चाललंय? बायको म्हणाली, अहो, डॉक्टरांनीच रोज दोन तास खुर्चीत बसायला सांगितलंय. आईला नुसतं बसवत नाही.

टोळी कोण? मी नापास केलेल्या एकोणिसांतले सहा! ताकद सात, आठ, सहा. नावं: खाट एक, खाट दोन, अशी खाट सहापर्यंत. शेजारी वही. वहीत तक्ता, प्रत्येक खाटेची तब्येत, किती वाजता कुठला मंत्र. माहितीपुस्तिका उशाशी, पान नऊवर खूण. आणि नकाशा? त्यांनी सरळ आपोआप काढून घेतला आहे. लाज वाटली नाही.

मी विचारलं, हे असे लुळेपांगळे लोक घेऊन तुम्ही सहाव्यात पोचलात कशा? त्या म्हणाल्या, दोघांना लागलं की मी परत फिरते. सगळे बरे झाले की पुन्हा जाते. एवढंच.

हा काय खेळ झाला? ही तर ड्यूटी झाली! मी जेवलो नाही. चार वाजता जेवलो.

३ मार्च, सोमवार

कागद पिशवीत घालून ऑफिसला नेला. रेकॉर्डबाई दिवसभर कपाटांसमोरून हलल्या नाहीत. डबासुद्धा तिथेच खाल्ला. मी चार वेळा आत गेलो, प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं, काही हवंय का? चौथ्यांदा मी पंच मशीन मागितलं. माझ्या टेबलावर दोन आहेत.

त्या माझ्याशी नेहमीसारख्याच बोलतात. याचा राग येतो. भांडली असती तर बरं झालं असतं.

कागद घरी परत.

४ मार्च, मंगळवार

संध्याकाळी आलो तर कागद सासूबाईंच्या हातात. पिशवीतून पडला म्हणे. आधी तळघराची बाजू बघितली, म्हणाल्या, रेघ छान आहे तुमची. मग उलटला. शिक्का वाचला. चौकाचं नाव वाचलं. त्या दिवशी घरात मी कुणाच्या नावाने ओरडत होतो ते त्यांनी ऐकलेलंच होतं.

मी सांगायला लागलो, मुद्दा एक. त्यांनी हात वर केला. वॉर्डात करत असणार तसा. मग एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पेशंटचा चार्ट त्यांच्या ॲप्रनच्या खिशात राहिला आणि बोलणी आयाबाईने खाल्ली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मेट्रनना खरं सांगितलं. म्हणाल्या, जावईबापू, तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तुम्हाला आठ झाले.

मी म्हटलं, आई, ऑफिसचं राजकारण तुम्हाला कळणार नाही. आणि खोलीतून बाहेर पडलो. गॅलरीत उभा राहिलो बराच वेळ. समोरच्या रस्त्यावर चुकीचा खणलेला तिसरा खड्डा दिसतो. अजून बुजवलेला नाही.

५ मार्च, बुधवार

चहा पिताना सासूबाई म्हणाल्या, तुमची माणसं चौथ्यात पडली आहेत. मी आणते त्यांना. तो कागद तुम्ही न्या.

मी म्हटलं, हा काय सौदा आहे का? त्या म्हणाल्या, नाही, मी तशीही आणणारच आहे. सासूला जावयाचं मढं तळघरात ठेवून झोप लागेल का?

बायको हसून हसून खोकायला लागली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

उद्या साहेबांकडे जायचं ठरवलं. निवेदन लिहून काढलं, दीड पान. सुरुवात: ‘एका प्रामाणिक कर्मचाऱ्याला जेव्हा आपली स्मृती दगा देते’. वाचल्यावर साहेब हेलावणार. कदाचित रेकॉर्डबाईसुद्धा.

६ मार्च, गुरुवार

साडेदहा. केबिनमध्ये गेलो, निवेदन बाहेर काढलं. साहेबांनी ते न घेता टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. मेमो. माझ्या नावाचा. तारीख पंचवीस फेब्रुवारी.

रजिस्टरमध्ये माझी सही होती. सहा कागद नेले, पाच परत. रेकॉर्डबाईंनी मी ओरडून गेल्यावर पाच मिनिटांत साहेबांना दाखवलं होतं. मुकादमाला माहीत होतं. चहावाल्याला माहीत होतं. साहेब म्हणाले, तुम्ही आपणहून याल म्हणून थांबलो होतो. मग बाईच म्हणाल्या, आणखी चार दिवस बघा.

मी ज्यांच्यावर ओरडलो त्यांनी सांगितलं!

बाहेर येऊन त्यांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी मोजला, तपासला, उलटा केला. विचारलं, हे काय आहे? म्हटलं, तिसरं तळघर. त्यांनी ते रजिस्टरमध्ये तसंच लिहून घेतलं.

मी हळूच म्हटलं, बाई, त्या दिवशी मी जरा... त्या म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही हळू बोलला नव्हता.

मग मी खोलीच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की चूक माझी होती, बाईंची नव्हती. आवाज मधेच फुटला. घशाचा त्रास आहे मला. कुणी काम थांबवलं नाही. फक्त मुकादमाने पंखा एकवर केला, ऐकू यावं म्हणून.

दीड पान खिशातच राहिलं.

शिक्षा: महिनाभर ड्रॉइंग टेबल बंद. गँगबरोबर फिरून रस्त्यावरचा एकेक व्हॉल्व्ह हाताने तपासायचा.

८ मार्च, शनिवार

सकाळी गँगबरोबर एकोणचाळीस व्हॉल्व्ह. माझ्या नकाशात बेचाळीस आहेत. मुकादमाशी वाद घातला. तो म्हणाला, साहेब, तीन तुम्ही सांगा कुठे आहेत, आपण उघडू. सापडले नाहीत. नकाशा सुबक असल्यामुळे आजवर कुणी मोजले नव्हते. चिडून काय करणार! वहीत खोडलं. बुटात चिखल.

संध्याकाळी सासूबाईंनी सहाही मढी वर आणली. दर वेळी आपली दोन माणसं धर्मशाळेत ठेवून, एका खेपेला दोन, अशा तीन खेपा. देवळात साहेब उठले. मेहुणा उठला. मुकादम, थोरले बंधू उठले. बायको उठली. सेनापतीवर मंत्र चुकला. राख. गेममध्ये राखेचं पुढे काही होत नाही.

बायकोने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, अहो, गेम आहे. मला माहीत आहे गेम आहे.

९ मार्च, रविवार

सासूबाई म्हणाल्या, खाट तीनला विश्रांती देऊ, तुम्ही या. फासे मीच टाकले. एकदाच. ताकद आठ. ठीक आहे म्हटलं. नाव विचारलं तर म्हटलं, तुम्हीच द्या. त्यांनी टाइप केलं: नवीन पेशंट. मागच्या रांगेत, कडेला.

पाचवं तळघर. एक दार. आत दोन सांगाडे, त्यांच्या टोळीला किरकोळ. माझी पाळी आली तेव्हा मी ‘हल्ला’ दाबलं. नीट बघून दाबलं, बायको साक्षीला आहे. पडद्यावर ओळ उमटली: नवीन पेशंट घाबरला आणि पळून गेला.

मी ‘हल्ला’ दाबलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, असू द्या, पहिल्या दिवशी पळतातच. वहीत वेळ लिहिली, आणि सगळी टोळी मला शोधायला मागे वळली.